ओवाळणीची काडतुसं

निशिकांत परचुऱ्यानं आयुष्यात हातात धरलेलं एकमेव पिस्तूल टिकल्यांचं होतं. चिंचवडला, दिवाळीत, तिसरी-चौथीत असताना. तेसुद्धा तो तोंड फिरवून, डोळे गच्च मिटून वाजवायचा, आणि टिकल्यांची गुंडाळी संपली की नवी भरायला धाकट्या बहिणीला, जाईला बसवायचा. एखादी टिकली बोटातच फुटली तर काय घ्या! त्यानंतर त्याचा आणि शस्त्राचा संबंध आला तो फक्त विळीशी, आणि तोही बायको माहेरी गेली म्हणजे. असा हा माणूस सिंगापुरातल्या मराठी मंडळींत पिस्तुलाच्या गोळ्यांचा जाणकार म्हणून ओळखला जात होता. घरात चोर शिरला तर पिस्तुलात कुठली गोळी असावी, या विषयावर तो चकली खाता खाता तासभर बोलू शकायचा. लोकांना ते ऐकून घ्यावं लागायचं, कारण चकल्या त्याच्या घरच्या असायच्या.

नोकरी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत, जोखीम विभागात. म्हणजे दुसऱ्यांनी काही करायचं ठरवलं की त्यात काय काय बिघडू शकेल ते सांगायचं आणि स्वतः काही ठरवायचं नाही. या कामासाठी देवानं त्याला घडवलं होतं असं शुभदाला, त्याच्या बायकोला, कधी कधी वाटे. वीसेक वर्षांपूर्वी दोघं इथे आली, आधी नोकरीच्या पासवर, मग पीआर म्हणजे कायमचे रहिवासी, मग नागरिक. यिशुनला दहाव्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट. शुभदा पाया लेबारला एका कंपनीत पगाराचं खातं सांभाळायची. मुलगी आर्या युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलला राहायला गेलेली.

आता जरा विचार करा. हे असं गाव आहे, जिथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जागा धरायची म्हणून माणसं टेबलावर टिश्यूचं पाकीट, नाहीतर सरळ मोबाइल ठेवून जेवण आणायला जातात आणि परत येतात तेव्हा तो तिथेच असतो. इथे एक काडतूस जरी कुणाच्या खिशात सापडलं तरी तुरुंग ठरलेला, वर वेताचे फटके. आणि इथे बसून हा गृहस्थ स्वसंरक्षणाचा विचार करायचा! ज्याला पोहायला येत नाही आणि जो वाळवंटात राहतो, त्यानं बुडणाऱ्याला वाचवण्याचे क्लास काढावेत, त्यातलाच प्रकार.

हे वेड लागलं महामारीच्या काळात. सगळं जग घरात कोंडलेलं होतं तेव्हा कुणी पाव भाजायला शिकलं, कुणी बाल्कनीत कोथिंबीर लावली. निशिकांतला कुठूनतरी अमेरिकेतल्या एका दाढीवाल्याचा व्हिडिओ दिसला. तो दाढीवाला माणसाच्या अंगाऐवजी जेलीच्या मोठ्या ठोकळ्यावर गोळ्या झाडायचा, मग त्या ठोकळ्याला पट्टी लावून गोळी किती आत गेली ते मोजायचा. मोजायचं म्हटलं की निशिकांतला चेव येतो. एकामागून एक असे शेकडो ठोकळे त्यानं पाहिले. ठोकळ्यासमोर जीनच्या कापडाचे चार पदर लावले तर काय होतं, गोळी जड असली तर धक्का किती बसतो, हलकी असली तर कितपत आत जाते, सगळं त्याला तोंडपाठ झालं. मुलाखतीची तयारी करावी तसा त्यानं अभ्यास केला. फक्त मुलाखतीचं बोलावणं कुणाचंच नव्हतं.

मराठी मंडळात त्याची टर कुणी उडवली नाही, यात नवल नाही. तिथे प्रत्येकाकडे असं एकेक निरुपयोगी ज्ञान आहे. एकाला स्कॉटलंडच्या दारूचं पाणी कुठल्या झऱ्याचं ते कळतं, एकाला पुण्याच्या मेट्रोचं काय चुकलं ते कळतं. निशिकांतला गोळ्या कळत होत्या, आणि त्या तपासून बघायची सोय कुणाकडेच नसल्यामुळे तो कधी चुकतही नव्हता.

शुभदाला मात्र तो कसा आहे ते पक्कं ठाऊक होतं. एकदा तिनं खिडकीबाहेरच्या, कपडे वाळवायच्या बांबूवर ओल्या चादरी टाकल्या आणि त्यांचं पाणी खालच्या मजल्यावरच्या चिनी आजोबांच्या वाळत घातलेल्या मासळीवर गळलं. आजोबा वर आले. वय असेल पंचाहत्तर, अंगात बनियन, हातात शस्त्र म्हणाल तर एक सुका मासा. त्यांनी दारावर थाप मारून आरडाओरडा सुरू केला तेव्हा हा वीर बेडरूममध्ये गेला, आतून कडी लावली आणि दाराआडून म्हणाला, "शुभदा, तू बोल, तुझ्याशी ते नीट बोलतील." शुभदा बोलली. आजोबा नीट बोलले. जाताना मासासुद्धा देऊन गेले, जो तिला कुणालातरी देऊन टाकावा लागला.

आणि मग जाईच्या घरात चोर शिरला.

जाई टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला एका छोट्या गावात राहते. नवरा, प्रबोध, दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या पार्किंगमध्येच कोसळला आणि गेला. मूलबाळ नाही. ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते आणि संध्याकाळी त्या लांबरुंद घरात एकटी परतते. सप्टेंबरात एका संध्याकाळी परतली तर मागच्या दाराची काच फुटलेली. टीव्ही गेला, प्रबोधचं घड्याळ गेलं. त्याचं तिला तेवढं काही वाटलं नाही. पण फ्रिजमधली मटकीची उसळ कुणीतरी खाल्ली होती. तिच्या टेबलाशी, तिच्या खुर्चीवर बसून. आणि खाऊन झाल्यावर भांडं सिंकमध्ये ठेवून त्यात पाणी सोडलं होतं.

"पोलिस हसले रे दादा," ती फोनवर म्हणाली. "म्हणाले, सभ्य चोर होता. पण मला त्या भांड्याकडे बघवत नाहीये. तो निवांत बसला होता. म्हणजे मी कधी येते ते त्याला माहीत होतं ना?"

फोन स्पीकरवर होता. शुभदा ऑफिसला जायच्या घाईत डबा भरत होती, तिचा हात थांबला.

"मला झोप नाही येत," जाई म्हणाली. "जरासं खुट्ट झालं की उठून बसते. तू येशील का रे थोडे दिवस? पंधरा दिवस ये. नाहीतर मी येऊ का तिकडे? थोडं तुमच्यात राहिले तर बरं वाटेल मला."

यावर माणसानं काय म्हणायचं असतं, ते सांगायला जेलीचा ठोकळा लागत नाही. निशिकांत म्हणाला, "वर्षअखेर आली गं. ऑडिट आहे. आणि तू इथे आलीस तरी परत जायचं त्याच घरात ना? मूळ प्रश्न तसाच राहतो."

जाईनं तो विषय सोडला. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "शेजारचे आजोबा म्हणतात, घरात पिस्तूल ठेव."

एवढंच वाक्य. पण ते ऐकल्यावर निशिकांत खुर्चीत सरसावून बसला. इतकी वर्षं ज्या मुलाखतीची तयारी केली तिचं बोलावणं आलं होतं. "बरोबर बोलतात ते," तो म्हणाला, आणि त्याचा आवाजच बदलला. "मात्र जाई, बहुतेक लोक इथेच चुकतात. लोक पिस्तुलाचा विचार करतात. खरा प्रश्न असतो गोळीचा. तू काही काळजी करू नकोस. ते माझ्यावर सोड."

त्या संध्याकाळी शुभदानं विषय काढला. "आर्याची खोली रिकामीच आहे. बोलव ना तिला महिनाभर."

आर्याची खोली रिकामी नव्हती. तिथे आता निशिकांतचे दोन मॉनिटर होते आणि गुडघ्याला आधार देणारी एक महागडी खुर्ची होती. पण ते त्यानं सांगितलं नाही. "अशानं माणूस परावलंबी होतं," तो म्हणाला. "तिला सक्षम करायला हवं."

शुभदानं पुढे ताणलं नाही. खरं सांगायचं तर तिला थोडं सुटल्यासारखंही झालं. नणंद कितीही चांगली असली तरी नणंद, आणि जाईला पोळ्या कागदासारख्या पातळ लागतात. दुसऱ्या दिवशी एमआरटीच्या गाडीत उभी असताना मात्र तिला ते सिंकमधलं भांडं आठवलं आणि आपल्या त्या सुटल्यासारखं होण्याची तिला लाज वाटली.

मग सुरू झाले निशिकांतचे रविवार. सिंगापुरात रविवारची सकाळ असते तेव्हा टेक्सासात शनिवारची संध्याकाळ. पोहे खाऊन झाले की हा लॅपटॉप उघडायचा, जाईला व्हिडिओवर घ्यायचा आणि लगेच स्वतःची स्क्रीन तिला दाखवायला लागायचा. बँकेत सवयच तशी. त्यानं चक्क स्लाइड बनवल्या होत्या.

"हे बघ, मुख्य दोन प्रकार," तो सांगायचा. "एक पूर्ण तांब्याच्या कवचाची. ही सरावाची. स्वस्त, पण घरात वापरायची नाही. का नाही? आरपार जाते. तुमची अमेरिकेतली घरं म्हणजे पुठ्ठ्याची. चोरातून जाईल, भिंतीतून जाईल, शेजारच्या आजोबांच्या दिवाणखान्यात पोचेल. दुसरी पोकळ तोंडाची. ही आत शिरली की फुलते. मोगऱ्याची कळी उमलते ना, तशी पाकळी पाकळी सुटते. मग ती आतच थांबते."

"हं," जाई म्हणायची.

"आता पोकळ तोंडाच्या गोळीतही वजनं वेगवेगळी. हलकी घेतली तर वेग जास्त, पण खोल जात नाही. जड घेतली तर खोल जाते, पण हाताला झटका बसतो. तुझं मनगट केवढं आहे?"

"मनगट?"

"मनगट, मनगट. झटका मनगटावर येतो. मला अंदाज हवा."

जाईनं विचार केला आणि म्हणाली, "मला सव्वादोनच्या बांगड्या होतात, दादा."

त्यानं ते लिहून घेतलं. "शपथेवर सांगते," शुभदा नंतर मैत्रिणीला सांगायची, "कासारानं लिहून घ्यावं तसं लिहून घेतलं." आणि मग तो म्हणाला, "लहान आहे. मग मधलं वजन बघावं लागेल."

या सगळ्यात गंमत अशी की स्क्रीन दाखवत असल्यामुळे त्याला समोर दिसायच्या स्वतःच्याच स्लाइड. बहीण कोपऱ्यातल्या तिकिटाएवढ्या चौकोनात. शुभदा मात्र चहा द्यायच्या निमित्तानं वाकायची आणि त्या तिकिटात बघायची. जाईच्या पाठीमागे स्वयंपाकघराचं दार दिसे. पहिल्या रविवारी त्याच्या कडीखाली एक खुर्ची तिरकी अडकवलेली होती. पुढच्या रविवारी त्या खुर्चीवर स्टीलचे डबे एकावर एक रचलेले होते, दार हललं की खणखणाट होऊन जाग यावी म्हणून. त्याच्या पुढच्या रविवारी डब्यांवर पातेली आली आणि पातेल्यांवर तिच्या लग्नातला तांब्या. बिचारीचा सगळा संसार दाराला टेकून उभा होता. आणि भाऊ सांगत होता की चार पदरी जीनच्या कापडातून कुठली गोळी फुलते आणि कुठलीचं तोंड बुजतं.

"निशी, तिच्या मागे बघ जरा," शुभदा एकदा कॉल संपल्यावर म्हणाली. "तिनं दाराशी भांडी रचलीत."

"छान," तो म्हणाला. "म्हणजे धोक्याची सूचना मिळण्याची सोय झाली. त्यावर गोळी हा पुढचा टप्पा."

शुभदाला त्या क्षणी त्याचा असा काही तिटकारा आला की तिनं हातातला कप आदळला. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. तो कंजूष नव्हता, बाहेरख्याली नव्हता, वेळेवर घरी यायचा. पण माणूस म्हणून दारात उभं राहायची वेळ आली की तो आत जाऊन कडी लावायचा, आणि यावेळी त्याला कडी सापडली होती ती गोळ्यांची. बहीण घाबरली आहे हे ऐकून घ्यायचं नसेल तर तिला गोळीचं वजन सांगत राहायचं.

आर्या एका रविवारी घरी आली होती. तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "Papa, आत्या just wants company lah. Why you talking about bullet?"

"तुला कळत नाही," पपा म्हणाले. "हा तुलनात्मक अभ्यास आहे."

शेवटी दसरा झाला आणि निवड झाली. तीन गोळ्या अंतिम फेरीत होत्या, त्यातली एक विजयी ठरली. नऊ मिलिमीटरची, पोकळ तोंडाची, मधल्या वजनाची. नऊ मिलिमीटरच का, तर सगळ्यांकडे तीच असते म्हणून. शुभदाला त्यानं कौतुकानं सांगितलं, "यंदा भाऊबीजेला जाईला अशी ओवाळणी देतोय, की भीतीचा प्रश्नच मिटेल." आणि जाईलाही कॉलवर एवढंच सांगितलं, "भाऊबीजेपर्यंत थांब. तुझ्या दारात अशी गोष्ट येईल की झोप येत नाही असं तुला पुन्हा म्हणावं लागणार नाही."

जाईचा चेहरा त्या तिकिटाएवढ्या चौकोनात एकदम उजळला. "खरं, दादा?" ती म्हणाली. "मी रजा टाकून ठेवू का मग?"

"टाक की," निशिकांत म्हणाला. त्याला वाटलं, पार्सल घ्यायला घरी थांबावं लागेल म्हणून विचारते आहे.

शुभदालासुद्धा वाटलं, की अखेर याला पाझर फुटला, यानं तिकीट काढलं. तिनं त्या रात्री त्याच्या आवडीची अळूची भाजी केली. ते तिला नंतर फार लागलं.

गोळ्या मागवण्यातही त्यानं आपला स्वभाव सोडला नाही. टेक्सासात त्या घरपोच मिळतात, तिथे त्यात काही विशेष नाही. पण स्वतःच्या कार्डावर? स्वतःच्या लॅपटॉपवरून? छे! इथल्या कायद्याच्या नुसत्या आठवणीनं त्याच्या हाताला घाम सुटला. यात बेकायदा काही नाही हे त्यानं चार ठिकाणी वाचलं, आणि तरी त्यानं कॉलेजातला मित्र पद्माकर, जो न्यू जर्सीत असतो, त्याला गळ घातली. "तूच मागव, पैसे मी देतो. माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस." पद्माकर बिचारा सरळ माणूस. बहिणीला भाऊबीजेची भेट आहे म्हटल्यावर त्यानं ती भेट म्हणूनच पाठवली.

भाऊबीजेला सकाळी ऑफिसला जायच्या आधी कॉल लागला. टेक्सासात अजून पाडव्याची संध्याकाळ चालू होती, पण दरवर्षी असंच चालतं. निशिकांत इस्त्रीचा शर्ट घालून, डोक्यावर टोपी घालून पाटावर बसला. शुभदानं फोन डब्याला टेकवून त्याच्यासमोर ठेवला. आज स्लाइड नव्हत्या, त्यामुळे बऱ्याच दिवसांनी त्याला बहिणीचं तोंड पूर्ण दिसलं. ते चांगलंच उतरलं होतं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. पण तिनं पैठणी नेसली होती. आणि तिच्यामागे, सोफ्याशेजारी, पाहुण्यांच्या खोलीतली गादी काढून, ऊन देऊन ठेवलेली दिसत होती. शुभदानं ती पाहिली. तिला आठवलं, निशिकांतनं ऑफिसात रजेबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

"पार्सल आलंय ना?" निशिकांत म्हणाला. "आधी ते उघड. मग ओवाळ."

"पार्सल आलंय, पण..." जाईनं एक छोटा तपकिरी खोका समोर घेतला. "केवढा जड आहे रे! मला वाटलं तू..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि कात्रीनं चिकटपट्टी कापली.

आतून पुठ्ठ्याच्या डब्या निघाल्या. तिनं एक उघडली. पितळी नळकांडी ओळीनं उभी होती, प्रत्येकीच्या टोकाला छोटासा खळगा. तिनं त्यातलं एक चिमटीत धरून वर काढलं आणि समईच्या उजेडात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही ती," निशिकांत म्हणाला. त्याचा ऊर भरून आला होता, खरंच आला होता. "जगात यापेक्षा चांगली नाही. तुझ्या मनगटाच्या हिशेबानं निवडलीय. आज रात्री भरून उशाशी ठेव आणि निश्चिंत झोप."

"कशात भरून?" जाईनं विचारलं.

"पिस्तुलात."

"कुठल्या पिस्तुलात, दादा?"

पाटावरचा टोपी घातलेला जाणकार फोनकडे वाकला. "तू घेतलंस ना? ते शेजारचे आजोबा म्हणाले होते..."

"ते म्हणाले होते, घे. मी घेतलं असं कधी म्हटलं? माझ्याकडे पिस्तूल नाही. मला नकोय पिस्तूल. मी उंदरालासुद्धा पिंजऱ्यातून सोडून देते. तू विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. बांगड्यांचं माप विचारलं होतं, दार किती फुटांवर आहे ते विचारलं होतं, चोर जाड कपडे घालून येईल की पातळ याचा विचार केला होता. त्या दाढीवाल्याच्या प्रत्येक व्हिडिओत पहिलं वाक्य असायचं, की आधी तुमचं पिस्तूल कुठलं ते बघा, त्यात जी गोळी न अडकता चालते तीच तुमची गोळी. हे वाक्य प्रास्ताविक म्हणून निशिकांत नेहमी पुढे ढकलायचा. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, म्हणतात ना. इथे भटानं वरण शिजवून बहिणीच्या घरी पोचवलंसुद्धा होतं.

"आणि मी..." जाई म्हणाली, "मला वाटलं तू येतोयस. मी आठवड्याची रजा घेतलीय. तू म्हणालास दारात येईल, तर मला वाटलं तूच."

 निशिकांतनं टोपी सारखी केली. त्याचं लक्ष जाईच्या हातातल्या एका कागदाकडे गेलं होतं. खोक्यात तळाशी एक फुलांचं चित्र असलेलं कार्ड होतं, ते तिनं उचललं होतं.

"काय आहे ते?" त्यानं विचारलं.

तिनं वाचलं. पद्माकरनं इंग्रजीत छापून घेतलं होतं. प्रिय बहिणीस भाऊबीजेची सप्रेम भेट, निशिकांत परचुरे, यिशुन, सिंगापूर.

निशिकांतचा चेहरा पांढराफटक पडला. शुभदा शेजारीच बसली होती, तिनं तो रंग उतरताना पाहिला. चोराचं ऐकून असा उतरला नव्हता, डोळ्यांखालची वर्तुळं बघून उतरला नव्हता.

"फाड ते," तो म्हणाला. "जाई, आधी ते फाड. पत्ता पण घातलाय मूर्खानं! माझं नाव त्या गोळ्यांबरोबर नको कुठे. तुला माहीत नाही इथे कायदा काय आहे. खोक्यावर बघ, तिथे पण आहे का? सगळं फाड आणि वेगवेगळ्या कचऱ्यात टाक." त्याचा आवाज चिरकला. पाटावरून तो अर्धवट उठला होता.

 पितळी नळकांडं जाईनं हळूच डबीत परत ठेवलं. मग ती कॅमेऱ्याजवळ आली आणि लहान मुलाशी बोलावं तशी म्हणाली, "घाबरू नकोस, दादा. कुणी काही करत नाही तुला. मी फाडते सगळं. मी आहे ना."

आणि निशिकांतला हायसं वाटलं. तो परत पाटावर टेकला. "नक्की?" तो म्हणाला. "लगेच फाडशील ना?"

"लगेच," जाई म्हणाली. तिनं कार्डाचे तुकडे केले, त्याला दिसतील असे समोर धरले, मग तबक उचललं आणि फोनच्या पडद्याला ओवाळलं. अक्षता टाकल्या. ओवाळणी तिच्यासमोर टेबलावर होती, तिच्याकडे तिनं पाहिलं नाही.

शुभदा उठली. तिनं डब्याला टेकवलेला फोन उचलला आणि बाल्कनीत गेली. "जाई," ती म्हणाली, "ती गादी तशीच राहू दे. मी येतेय."

"वहिनी, तुमची रजा..."

"रजेचं मी बघते. शनिवारी निघते. तोवर त्या शेजारच्या आजोबांना सांग दोन रात्री हॉलमध्ये झोपायला, चहा देईन म्हणावं."

पलीकडे जाई इतके दिवस रडली नव्हती, ती आता पदरात तोंड घालून रडायला लागली. शुभदानं तिला रडू दिलं. तिलाही रडू येत होतं, आणि ते रागाचं होतं. हे आधी सुचलं नाही याचा राग त्यात अर्धा होता.

ती आत आली तेव्हा निशिकांत बूट घालत होता. "तू जातेस?" तो म्हणाला. "एकटी? त्या घरात चोर येऊन गेलाय, शुभदा."

"हो."

"मग मी इथे एकटा?"

शुभदानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्यावर राहून गेलेली टोपी काढून त्याच्या हातात दिली.

"दाराला आतून कडी लावत जा," ती म्हणाली आणि ऑफिसला फोन लावायला वळली.